तोटा कुणाचा, ते कलम आधी वाच

प्रिय भाचीस,


दुबईच्या इस्लामी बँकेत, कायदा विभागात तू रुजू होतेस याचा घरात सगळ्यांना आनंद आहे. करार कायदा तू मुंबईत शिकलीस. आता त्याच टेबलावर शरीयतचे नियमही येतील.

‘इस्लामी बँक म्हणजे बिनव्याजी बँक’ असं सर्रास सांगतात, पण ते अपुरं आहे. फिक्हचा, म्हणजे इस्लामी न्यायशास्त्राचा, मूळ आग्रह असा, की नफा हवा असेल तर तोट्याची जोखीमही उचलावी लागते. पैसे देऊन मोकळं व्हायचं आणि समोरच्याचा धंदा बुडाला तरी ठरलेली वाढ वसूल करायची, हा रिबा. कुरआनने तो हराम ठरवला. १९७५ साली दुबई इस्लामिक बँक उभी राहिली ती हाच नियम पाळून व्यवहार करण्यासाठी.

तुझ्या हातात सर्वांत जास्त येतील ते मुराबह्याचे करार. गिऱ्हाइकाला गाडी हवी असते. बँक ती समजा ८० हजार दिरहमला विकत घेते आणि ९२ हजारांना हप्त्यांवर विकते. खरेदीची किंमत आणि आपला नफा, दोन्ही उघड सांगते. सही झाल्यावर किंमत वाढवता येत नाही. हप्ता थकला म्हणून दंड घेतला, तर तो नफ्यात न धरता दानधर्माला द्यायचा असतो.

खरी कसोटी मधल्या वेळेची. बँकेने गाडी घेतली, गिऱ्हाइकाला अजून विकली नाही आणि गोदामात आग लागली, तर नुकसान बँकेचं. तेवढ्या जोखमीमुळेच नफा हलाल ठरतो. कागदोपत्री हा अवधी कधी काही मिनिटांचाच असतो, आणि सह्यांचा क्रम उलटा झाला की विक्री उरतच नाही, उरतं ते व्याजाचं कर्ज. म्हणून प्रत्येक सहीची तारीखच नव्हे, वेळही तपास.

आलिमांमध्येही मतभेद आहेत, त्याने गोंधळू नकोस. तवर्रुकमध्ये गिऱ्हाईक बँकेकडून एखादा माल उधारीवर घेतं आणि लगेच तिसऱ्याला रोखीने विकून पैसे उभे करतं. हे सगळं बँकेनेच जुळवून आणणं आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने २००९ साली शारजाच्या बैठकीत अमान्य केलं. मलेशियात मात्र असे व्यवहार कच्च्या पामतेलावर रोज चालतात. तिथे वाद कोर्टात गेला, तर शरीयतच्या मुद्द्यावर मध्यवर्ती बँकेच्या सल्लागार मंडळाचा निर्णय न्यायाधीशांवर बंधनकारक असतो.

असा अंतिम निर्णय देणारं कुणी नसलं की काय होतं, ते शारजाच्या दाना गॅसने दाखवलं. २०१७ साली या कंपनीने जाहीर केलं, की आपलेच ७० कोटी डॉलरचे सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, आता अमिरातीच्या कायद्यात बसत नाहीत, म्हणून पैसे देता येणार नाहीत. त्यांमागचा मुदारब्याचा, म्हणजे एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत अशा भागीदारीचा, करार अमिरातीच्या कायद्याखाली होता, पण सुकूक परत विकत घेण्याची हमी इंग्लिश कायद्याखाली. लंडनच्या हायकोर्टाने ती हमी वैध ठरवली, आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. ज्यांनी श्रद्धेने पैसे घातले, त्यांचे पैसे न देण्यासाठी शरीयतचं नाव हीच पळवाट व्हावी, हे फार वाईट. त्या खटल्याचा निकाल पूर्ण वाच.

आपल्याकडे तर ही श्रद्धा आणखी उघड्यावर आहे. बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बाजूला ठेवला. व्याज नको असलेल्या माणसासमोर शरीया निर्देशांकावरचे शेअर किंवा तसे म्युच्युअल फंड आहेत, पण गावातल्या साध्या माणसाला ते परके वाटतात. ही पोकळी ‘हलाल नफ्या’चं आश्वासन देणाऱ्यांनी भरली. त्यांतली बंगळुरूची आयएमए ही कंपनी २०१९ साली कोसळली, तेव्हा हजारो कुटुंबांची बचत अडकली. कोकणातल्या घरांत आखाती कमाई येते. उद्या नातलग तुलाच विचारतील, ‘हे हलाल आहे ना?’ कुणाचा फतवा आहे एवढंच पाहून उत्तर देऊ नकोस. पैसा कुठल्या धंद्यात जातो, हिशेब कोण तपासतं आणि परवाना कुणाचा, हे आधी विचार.

नव्या नोकरीत पहिली फाइल आली की धंदा बुडाल्यास तोटा कुणाच्या अंगावर, ते कलम शोध. सापडलं नाही, किंवा सगळा भार गिऱ्हाइकावरच टाकलेला दिसला, तर वरिष्ठांना तोंडी सांगून थांबू नकोस. लेखी टिपण करून बँकेच्या शरीया मंडळाकडे पाठव आणि त्याची प्रत फाइलला लाव.

तुझा मामू,
रत्नागिरी