फेरफाराच्या निमित्तानं तालुका

अर्जावर 'तालुका' या शब्दापुढं भाचीनं 'वडूज' लिहिलं आणि मामांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"खोड ते. खटाव लिही."

"पण तहसील कचेरी तर ही समोर, वडूजमध्ये आहे!"

"कचेरी वडूजला, तालुका खटाव. नाव त्या गावाला राहिलं, कारभार इकडं आला. पोस्टमन बरोबर पोचतो, पाहुणे तेवढे चुकतात."

भाची न्यूजर्सीत एडिसनला राहते. दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेली. आजी गेल्या पावसाळ्यात वारली, तिच्या नावावरच्या गावाकडच्या दीड एकराला आता वारस लावायचे होते. वारस दोघंच, मामा आणि भाचीची आई. आईचे गुडघे तिला पुण्याबाहेर पडू देईनात, म्हणून कागद घेऊन भाची आलेली. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागावं म्हणून भाऊच धावपळ करतोय, हे दृश्य आपल्या भागात अजून तितकंसं नेहमीचं नाही. पण मामा पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. कागद अर्धवट राहिलेला त्यांना खपत नाही.

"तुमच्याकडं असलं काम कुठं होतं?" त्यांनी विचारलं.

"काउंटीत. एडिसन हे मिडलसेक्स काउंटीत येतं. न्यूजर्सीत अशा २१ काउंट्या आहेत. जमिनीचे दस्त काउंटी क्लार्ककडे नोंदवतात, आणि माणूस गेल्यावर मृत्युपत्र, वारस वगैरे बघायला सरोगेट नावाचा अधिकारी असतो. तोही निवडून येतो, शेरीफसारखाच."

मामा थांबले. "म्हणजे वारसांचे कागद बघणारा माणूस मतं मागत फिरतो?"

"त्याच्या नावाच्या पाट्यासुद्धा लागतात रस्त्याकडेला."

"आपल्याकडं तलाठी निवडून येत असता तर," मामा म्हणाले, "दर पाच वर्षांनी बांधावरनं मारामाऱ्या झाल्या असत्या." आणि कचेरीच्या पायरीवर बसून त्यांनी तिला आपल्याकडची मांडणी समजावायला घेतली. तलाठी यायला अजून वेळ होता.

"इथं दोन शिड्या आहेत बघ. एक वरून खाली सोडलेली, दुसरी खालून वर चढवलेली. वरून आलेली ती महसुलाची. जिल्हाधिकारी साताऱ्याला, त्यांच्या खाली प्रांत. आपले प्रांत दहिवडीला बसतात, माण आणि खटाव दोन्ही बघतात. मग इथले तहसीलदार, खाली मंडल अधिकारी, ज्याला आपण सर्कल म्हणतो, आणि शेवटच्या पायरीवर तलाठी. आता कागदावर त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तोंडात तलाठीच बसलाय. यातला एकही माणूस मतांवर येत नाही. जमीन, शेतसारा, रेशनकार्ड, जातीचे-उत्पन्नाचे दाखले, दुष्काळाची आणेवारी, निवडणुकीची यादी, सगळं या शिडीवर."

"आणि पोलीस?"

"ते तिसरंच खातं. जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक सरकार नेमतं. मतांवर येणारा शेरीफ आपल्याकडं नाही."

दुसरी शिडी सांगताना मामांचा आवाज जरा चढला. उभी नोकरी त्या शिडीवर गेलेली. खाली ग्रामपंचायत आणि सरपंच, मध्ये पंचायत समिती आणि तिचा सभापती, वर जिल्हा परिषद आणि तिचा अध्यक्ष. जिल्हा परिषदेच्या एका गटात पंचायत समितीचे दोन गण पडतात, म्हणून निवडणुकीच्या दिवसांत गावाकडच्या गप्पांत 'गटात कोण, गणात कोण' हाच विषय असतो. लोकांनी निवडलेल्यांच्या शेजारी सरकारी अधिकारी बसवलेला असतो. सभापतीजवळ गटविकास अधिकारी, अध्यक्षाजवळ मुख्य कार्यकारी अधिकारी. ठराव सभेनं करायचा, अंमल अधिकाऱ्यानं.

"म्हणजे काउंटीच्या कमिशनर मंडळासारखं," भाची म्हणाली. "आमच्याकडे त्यांना २०२० पर्यंत फ्रीहोल्डर म्हणायचे. जमीन मालकीची असलेला, असा त्याचा जुना अर्थ. मग नाव बदललं."

"मालकाचंच राज्य म्हण की. आपल्याकडं त्या जागी जिल्हा लोकल बोर्ड होतं, इंग्रजांच्या काळातलं. शाळा, रस्ते, दवाखाने तेच बघायचं. जुनी माणसं अजून लोकल बोर्डाची शाळा म्हणतात."

लोकल बोर्डाची जिल्हा परिषद कशी झाली, ही गोष्ट सातारा भागाला जवळची आहे. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीनं देशभरासाठी तीन पातळ्यांच्या पंचायत राज्याची शिफारस केली, पण तिचा भर तालुक्याएवढ्या विकासगटावर होता. महाराष्ट्रानं स्वतःची समिती नेमली, वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली, आणि तिनं वजन टाकलं ते जिल्ह्यावर. मुख्यमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते, जन्मानं देवराष्ट्र्याचे, राजकारणानं कराडचे. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हाधिकाऱ्याला तिथं अध्यक्षाची खुर्ची दिली नाही, हा त्यातला धीट भाग. दोन्ही शिड्या वेगळ्या राहिल्या त्या तेव्हापासून. पुढं ७३ व्या घटनादुरुस्तीनं, २४ एप्रिल १९९३ पासून, या संस्थांना घटनेचाच आधार मिळाला, आणि २०११ साली महाराष्ट्रानं निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या.

मामांना मात्र याहून जुनी गोष्ट सांगायची होती. खटाव तालुक्यातच औंध आहे, यमाईचं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत आपल्या संस्थानाला स्वराज्याची घटना दिली. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनियर तिच्यामागं होता, आणि मसुद्यासाठी गांधीजींचा सल्ला घेतलेला. गावानं पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती व्हायची आणि तालुका समित्यांतून विधिमंडळात माणसं जायची. राजानं आपणहून केलेली ही व्यवस्था १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत चालली.

"म्हणजे पंचायत समिती इथं आधीच होऊन गेली?"

"औंधच्या वाट्याला. वडूजच्या वाट्याला त्याच काळात गोळी आली." मामांनी समोरच्या कचेरीकडं बोट केलं. ९ सप्टेंबर १९४२. तहसील कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर इथं गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. मोर्चाच्या पुढं वडगावचे परशुराम घार्गे होते. वडूजच्या विद्यालयाला त्यांचं नाव आहे. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला तसंच घडलं. मोर्चे तहसील कचेऱ्यांवरच का गेले, याचं उत्तर पहिल्या शिडीत आहे. गावच्या माणसाला सरकार दिसायचं ते कचेरीत, सारा वसूल करणारं आणि कुलूप लावणारं. पुढं नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान मंडळं उभी केली, ती याच कचेऱ्यांना पाठ दाखवून.

थोडा वेळ दोघं गप्प बसली. मग भाचीनं व्यवहारी प्रश्न विचारला. जिल्हा परिषद नेमकं देते काय?

देते बरंच. गावची प्राथमिक शाळा आणि तिथले गुरुजी-बाई जिल्हा परिषदेचे. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखालची उपकेंद्रं तिची. सपाटीच्या भागात साधारण ३० हजार लोकांमागं एक केंद्र आणि पाच हजारांमागं एक उपकेंद्र, असं प्रमाण. अंगणवाडी, गावाला जोडणारे लहान रस्ते, नळपाणी योजना, पाझर तलाव. पाण्यातही वाटणी आहे. शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारं काम जिल्हा परिषदेचं, त्यावरचं राज्य सरकारचं. म्हणून गावचा पाझर तलाव गळला तर पंचायत समितीत जायचं, आणि जिहे-कठापूर उपसा योजनेच्या पाण्याची वाट बघायची ती राज्याच्या दारात. येरळेकाठच्या या दुष्काळी पट्ट्यात हा फरक शाळकरी पोराला कळतो. घरकुलाची यादी पंचायत समितीत. रोजगार हमीला मात्र दोन्ही शिड्यांचे हात लागतात. ही योजनासुद्धा शेजारच्या सांगली जिल्ह्यातली, तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली.

"एवढं सगळं करायला पैसा? आमच्याकडे प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात काउंटीचा रकाना वेगळा असतो. रक्कम डोळ्यांपुढं येते, म्हणून लोक भांडतात."

"इथं महसुलावर थोडा उपकर मिळतो. बाकी सगळं सरकारी अनुदान. पैसा वरून आला की त्याच्याबरोबर हुकूमही येतो, हे मी तीस वर्षं बघितलं." मामांनी हात झटकला. २०२२ साली मुदत संपल्यावर निवडणुका लांबत गेल्या आणि काही वर्षं जिल्हा परिषदेत प्रशासक बसला, याचा त्यांना राग आहे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यानंच सभेचंही काम करायचं, म्हणजे दुसऱ्या शिडीचे दांडे काढून ठेवल्यासारखं, असं ते म्हणतात. रस्ते तेव्हाही झाले, पगारही झाले. पण दार वाजवायला गटातला माणूस नव्हता.

तलाठी आले. भाचीनं कागद पुढं केले. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आठ अ, सातबारा. दाखल्यावरचा शिक्का बघून ती बुचकळ्यात पडली. "जमीन गावात आहे, मग दाखला नगरपंचायतीचा कसा?"

"आई माझ्या घरात गेली, वडूजमध्ये. माणूस जिथं जातो तिथली नोंद. गावात गेली असती तर ग्रामपंचायतीनं दिला असता."

वडूज ही पूर्वी ग्रामपंचायत होती. नगरपंचायत झाल्यावर १७ प्रभाग पडले, नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी आले. दिवाबत्ती, कचरा, घरपट्टी त्यांच्याकडं गेली. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेचीच राहिली. आणि नगरपंचायत लागली की ते गाव गट-गणांतून बाहेर पडतं.

"थांबा," भाची म्हणाली. "म्हणजे पंचायत समितीची इमारत वडूजमध्ये, पण वडूजची माणसं तिला मत देत नाहीत?"

"नाहीत. मी तिथं उभी नोकरी केली. आता सभापती कोण व्हावा, यात माझं बोट शाईचं होत नाही."

तलाठ्यानं अर्ज वारस नोंदीला, म्हणजे गाव नमुना ६-क ला घेतला. पुढं फेरफार धरायचा, हितसंबंध असलेल्यांना नोटीस काढायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं, मग सर्कलनं नोंद प्रमाणित करायची, असं त्यानं एका दमात सांगितलं.

"पंधरा दिवस? माझं विमान नवव्या दिवशी आहे."

"तू कशाला हवीस? वारस तुझी आई," मामा म्हणाले. "नोटीस पुण्याच्या पत्त्यावर जाईल. तिला सांग, सही करताना माहेरचं नाव नीट लिही, गेल्या वेळी आडनाव चुकवलं होतं."

बाहेर आल्यावर भाचीनं पोचपावतीचा फोटो आईला पाठवला. तिकडून लगेच उत्तर आलं. तालुका वडूज का खटाव, काय लिहिलंस?