जुन्या हत्यारपेटीची ओळख : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

आठवड्याच्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे सुताराची, गवंड्याची अथवा सोनाराची जुनी पेटी कधी कधी थोडक्या पैशांत मिळते. हातोडी, रंधा, पटाशी ही हत्यारे मुले तत्काळ ओळखतात. परंतु पेटीच्या तळाशी ज्या चारदोन वस्तू उरतात, त्यांची नावे घरच्या वडीलधाऱ्यांसही पुष्कळदा सांगता येत नाहीत. परिसर-अभ्यासाच्या तासाला याहून चांगले साधन क्वचितच सापडेल. मात्र पेटी वर्गात नेण्यापूर्वी शिक्षकाने ती एकट्याने पाहिली पाहिजे.

खेड्यांतून विहिरी खोदताना सुरुंग लावीत आले आहेत. त्या कामातील केप म्हणजे तांब्याची वा ॲल्युमिनियमची, पेन्सिलीहून बारीक, एका टोकाशी बंद असलेली नळी. खिळ्यांमध्ये पडलेली अशी नळी पेनाच्या रिकाम्या टोपणासारखी दिसते. ती टोकरली, ठोकली वा तापविली तर हाताची बोटे जातात, डोळे जातात. अशी नळी किंवा काडतूस दिसल्यास पेटीस हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे आणि पोलीस ठाण्यास कळवावे. सोनाराच्या पेटीत आकाराच्या मानाने फारच जड लागणारी लहान बाटली असेल तर तीत पारा असण्याचा संभव असतो. ती उघडू नये. तांबड्या रंगाच्या, काळा ठिपका असलेल्या गुंजाही तेथेच सापडतात. त्या सुंदर दिसतात, पण चावल्यास जीवघेण्या विषारी आहेत. लहान इयत्तांतील मुलांच्या हाती त्या देऊच नयेत.

एवढे झाल्यावर पाठास आरंभ करावा. वस्तूचे नाव सांगून मोकळे होण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. नाव कळले की मुलांचे पाहणे थांबते. ‘ही कोठे झिजली आहे?’ हा प्रश्न प्रथम विचारावा. हाताने झिजलेला भाग गुळगुळीत व गोलसर असतो, कामाने झिजलेल्या भागावर चरे पडलेले असतात. त्यानंतर लोहचुंबक लावावा, माप घ्यावे, वजन करावे.

मापाने केवढे उलगडते याचे उत्तम उदाहरण ओळंब्याचे आहे. मध्यभागी छिद्र असलेला लाकडाचा किंवा पितळेचा एक ठोकळा पेटीत एकटाच सापडतो आणि त्याचा काहीच बोध होत नाही. शेजारचा लोखंडी लंबक घेऊन त्याचा व्यास मोजावा. ठोकळ्याची रुंदी नेमकी तेवढीच भरते! ठोकळा भिंतीस टेकवून दोरी सोडली की खालचा लंबक भिंतीस जेमतेम स्पर्श करतो. अंतर पडले वा लंबक भिंतीवर अडला तर भिंत ओळंब्यात नाही. शाळेच्या भिंतीवर हा प्रयोग अवश्य करावा.

कडेला कमीअधिक रुंदीच्या खाचा असलेली पोलादी पट्टी करवतीचे दात फाकविण्यासाठी असते. करवत डोळ्यासमोर धरून दातांच्या ओळीतून पाहिल्यास एक दात डावीकडे व एक उजवीकडे झुकलेला दिसेल. त्यामुळे चीर पात्याहून रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही. किंचित बाक असलेली, आत द्रव व बुडबुडा असलेली काचनळी पाणसळीची होय.

वजने सापडली तर गणिताच्या तासाची सोय झाली. तोळा म्हणजे १८० ग्रेन, अर्थात ११.६६ ग्रॅम. १२ मासे म्हणजे १ तोळा व ८ गुंजा म्हणजे १ मासा. तेव्हा गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची. सोनाराच्या काट्यावर एखादे वजन ५८.३ ग्रॅम भरले तर ते ५ तोळ्यांचे, म्हणजे ८० तोळ्यांच्या शेराचे छटाक असावे. ‘असावे’ म्हणण्याचे कारण असे, की शेर ठिकठिकाणी निराळा होता आणि झिजेने वजन घटते. या गोंधळामुळेच १९५६ साली प्रमाण वजनमापांचा कायदा झाला व १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. लाकडी पट्टीवर २४ भाग असून तिची लांबी २७ इंच, म्हणजे ६८.६ सेंटिमीटर भरली, तर तो मुंबईकडील गज समजावा. प्रत्येक भाग एक तसू.

एवढ्यानेही जे उलगडत नाही, त्यासाठी गावातील वृद्ध सुतारास किंवा लोहारास सन्मानाने शाळेत बोलवावे. ज्या कारागिराचा नातू त्याच वर्गात बसतो, त्याने फळ्याजवळ उभे राहून शिकविलेला पाठ त्या मुलास पुढे पुष्कळ काळ पुरतो. कारागिराने उच्चारलेले नाव पुस्तकी शब्दाशी जुळले नाही तरी ते तसेच लिहून घ्यावे. प्रत्येक वस्तूस चिठ्ठी बांधून तीवर माप, वजन, धातू, पेटी कोठून मिळाली आणि नाव कोणी सांगितले हे नोंदवावे. कोणासही न ओळखता आलेल्या वस्तूच्या चिठ्ठीवर नावाची जागा कोरी ठेवावी व पुढील वर्षी दुसऱ्या गावच्या कारागिरास ती दाखवावी.