आहार अंगी का लागत नाही?

गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यांत अमृत आहार योजनेतून २०१५ पासून गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार आणि पुढे बालकांनाही अंडी मिळू लागली. तरीही काही बालकांचे वजन हलत नाही. अशा वेळी लहान आतड्याच्या अस्तराचा विचार करावयास हवा.

या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म अंकुर पचलेले अन्न शोषून घेतात. त्यांच्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्याने घडतात. परंतु दूषित पाण्यातून, मातीतून मैल्यातील जंतू रोजच पोटात जात असतील, तर अंकुर खुरटतात व अस्तराला सूज येते. जुलाब नसतानाही हे घडते. म्हणूनच ते ध्यानात येत नाही. रोटाविषाणू, जिआर्डिया आणि वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक ही आणखी काही कारणे. गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिॲक रोगास आनुवंशिक प्रवृत्ती लागते. भातावर वाढणाऱ्या या वनभागात पहिला संशय पाण्यावरच घ्यावा.

जुलाब झालेल्या बालकाचे स्तनपान थांबवू नये. जलसंजीवनीबरोबर सुरू केलेली जस्ताची गोळी, जुलाब थांबले तरी, १४ दिवस पूर्ण करावी. विहिरीत टीसीएल पावडर नियमित पडते काय, हा प्रश्न ग्रामसभेत अंगणवाडीच्या वजननोंदींसोबतच चर्चेस घ्यावा.