ग्राहकाचं कापड आपल्या हातून खराब झालं तर? पहिल्या दहा मिनिटांपासून ग्राहक आयोगापर्यंत



व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं ते इथे सविस्तर देतोय. बुटीक, फॉल-पिको, लाँड्री, इस्त्री, टेलरिंग, साडी रोल पॉलिश, यापैकी काहीही सुरू करायचा विचार असेल तर हा धडा पूर्ण वाचा. या धंद्यात भांडवल आपलं असतं, पण हातातला माल ग्राहकाचा असतो.

आधी माझी चूक

जळगावच्या माझ्या दुकानात साड्यांसोबत फॉल-पिको आणि इस्त्रीचं काउंटर आहे. आखाजीच्या आधीची गर्दी होती. धुळ्याला दिलेल्या एक ताई माहेरी आल्या होत्या. आईने घेऊन दिलेली पैठणी फॉल बदलायला टाकून गेल्या. आमच्या पोराने गडबडीत मधे कापड न टाकता गरम इस्त्री थेट पदरावर ठेवली. तळहाताएवढा डाग, रेशीम करपलेलं.

मी काय केलं? ताई येईपर्यंत गप्प बसलो. त्या आल्यावर साडी अशी घडी घालून दिली की डाग आत जाईल. त्यांनी तिथेच उघडून पाहिली. मग मी पावती उलटी करून दाखवली. मागे छापलं होतं: "नुकसानीस दुकानदार जबाबदार नाही."

ताई आवाज न चढवता म्हणाल्या, "भाऊ, हे वाक्य तुम्ही साडी घेताना का नाही वाचून दाखवलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बीबीए करताना करार कायदा मी पाठ केला होता. तो त्या दिवशी समजला.

पावतीमागच्या ओळीची किंमत किती?

आपल्याकडे पावतीबुक छापणारा ही ओळ न विचारताच टाकून देतो आणि आपण निर्धास्त होतो. आता हे बघा:

१. भारतीय करार कायदा, १८७२. दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेतली की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी घ्यावीच लागते (कलम १५१). तेवढी काळजी घेऊनही नुकसान झालं, तर वेगळा करार नसताना जबाबदारी येत नाही (कलम १५२). म्हणजे काळजी घेतली होती की नाही, हा खरा प्रश्न. मधे कापड न टाकता रेशमावर गरम इस्त्री? माझी बाजू तिथेच संपली.

२. मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. लाँड्रीने २२० रुपयांची नवी साडी हरवली. पावतीवर अट होती की भरपाई किमतीच्या १५ टक्केच मिळेल. न्यायालयाने ती अट सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवली. विचार करा, अशी अट चालली असती तर कुणीही लबाड लाँड्रीवाला १५ टक्क्यांत नव्या साड्या घरी नेला असता!

३. मुंबई उच्च न्यायालयाचा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला निकालही लाँड्रीचाच. पावतीच्या मागे छापलेल्या, ग्राहकाची सही नसलेल्या अटी आपोआप करार होत नाहीत, असं त्यात म्हटलं आहे.

थोडक्यात, ती ओळ म्हणजे पावसात कागदाची छत्री.

ग्राहक काय करू शकतो?

हे दुकानदाराला माहीत असायलाच हवं. उद्या आपलाही कोट लाँड्रीत जळू शकतो.

- लेखी तक्रार. तारीख, पावती क्रमांक, फोटो, मागणी. व्हॉट्सॲपवरचा मेसेजही जपून ठेवावा.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोनवर तक्रार नोंदवता येते. बरेचदा प्रकरण इथेच मिटू शकतं.
- जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (२० जुलै २०२० पासून लागू) प्रमाणे निष्काळजीपणा ही सेवेतली त्रुटी आहे. तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते.

आता आपल्या खान्देशासाठी महत्त्वाचा मुद्दा. नव्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करू शकतो. दुकान जळगावात असलं तरी ताई धुळ्याच्या आयोगात गेल्या असत्या. दुकानाला कुलूप लावून, एरंडोल-पारोळा ओलांडून तारखांना मी गेलो असतो. नोटीस आल्यावर उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढत नाही.

आणि एक फरक लक्षात ठेवा. रंगाऱ्याने तुमच्या दुकानाचा विक्रीचा माल खराब केला, तर तो व्यापारी व्यवहार म्हणून ग्राहक आयोगात अडकू शकतो. तिथे करार कायदाच कामाला येतो. म्हणून रंगाऱ्याकडूनही लेखी चलन घ्याच.

आम्ही कसं मिटवलं

दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या माहेरी गेलो. आधी माफी मागितली, मग हिशोबाला बसलो.

दुरुस्ती होते का? जाणकार कारागिराला दाखवलं. रफू केला तरी पदरावर दिसणारच, असं त्याने सांगितलं. मग किंमत. ताईंकडे बिल नव्हतं. लग्नातले फोटो होते. तशाच पैठणीचा भाव दोन दुकानांत विचारला, साधारण १२,००० निघाला. साडी तीन वर्षांची, चार-पाच वेळा नेसलेली. ८,००० वर एकमत झालं, फॉलचे पैसे परत, आणि साडीही ताईंकडेच. साडी त्यांनी मागून घेतली. आईची होती. त्या भागाची भरपाई माझ्याकडे नव्हती, आणि तसं मी त्यांना बोललोही.

दोन हप्त्यांत यूपीआयने पैसे दिले. कागदावर लिहिलं: काय झालं, किती दिले, तक्रार मिटली. दोघांच्या सह्या.

आता धंद्याचं गणित. एका फॉल-पिकोमागे मला ६० रुपये सुटतात. ८,००० भरून काढायला १३४ साड्या लागल्या. पोराच्या पगारातून कापले नाहीत. त्याला कापड टाकायला मीच शिकवलं नव्हतं.

तुमच्या दुकानासाठी सात नियम

१. कपडा ग्राहकासमोर उघडा. जुने डाग, उसवण, जर, रंग जाण्याची शक्यता पावतीवर लिहा, सही घ्या.
२. ५,००० च्या वरच्या कपड्याची अंदाजे किंमत लिहून घ्या. नंतरचा निम्मा वाद वाचतो.
३. काम जोखमीचं वाटलं तर नाही म्हणा. दीडशे रुपयांसाठी पंधरा हजारांचा शालू अंगावर घेऊ नका.
४. नुकसान झालं की फोटो काढा आणि ग्राहकाला आपणहून फोन करा. त्याने शोधून काढायच्या आधी.
५. डाग घालवायला स्वतः प्रयोग करू नका. ब्लीच मारलं की उरलेलंही जातं.
६. तीन पर्याय ठेवा: दुरुस्ती, बदली कपडा, पैसे. निवड ग्राहकाची.
७. प्रत्येक कपड्यामागे ५ रुपये "चूक-फंडात" टाका. रोज २० कपडे, महिन्याचे २६ दिवस, झाले २,६०० रुपये. दुकानाचा विमा असेल तर एजंटला विचारा, "ग्राहकाचा माल यात धरलाय का?" पॉलिसीत तसं लिहिलेलं नसेल तर आगीतही तो माल उघडा पडू शकतो.

शेवटचं

ताई नंतर माझ्या दुकानात आल्या नाहीत. ते मला समजतं. पण त्यांची वहिनी येते, आणि साडी देताना हसून म्हणते, "भाऊ, कापड टाकून इस्त्री करा बरं!" मी पावतीबुक बदललं. मागची ती ओळ काढली आणि पुढे "कपड्याची स्थिती" असा रकाना घातला.

आजचा गृहपाठ: तुमचं पावतीबुक उलटून बघा. मागे काय छापलंय ते ग्राहकाच्या डोळ्यांत बघून मोठ्याने वाचता येईल का? येत नसेल, तर नवं पावतीबुक छापायला टाका.

भेटू पुढच्या धड्यात. धंदा वाढू द्या, पण हिशोब स्वच्छ ठेवा.