एम.आर्क. करताय? आधी कौन्सिलची नोंदणी उरका

‘नोंदणीकृत आर्किटेक्ट व्हायला एम.आर्क. लागतं’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. लागत नाही. मान्यताप्राप्त कॉलेजची पाच वर्षांची बी.आर्क. पुरते. निकाल लागला की १९७२च्या वास्तुविशारद कायद्याखाली दिल्लीच्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे ऑनलाइन अर्ज करा. पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, फोटो, सही असं सगळं स्कॅन करून ठेवा. शुल्क कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहा आणि तिथंच भरा. ‘दिल्लीत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला दमडीही देऊ नका. नूतनीकरण चुकलं तर नाव नोंदवहीतून निघतं. नोंदणी नसताना पाटीवर ‘आर्किटेक्ट’ लिहिणं गुन्हा आहे. नोंदणी झाली की महापालिकेत किंवा नागपूर सुधार प्रन्यासात नकाशा टाकायला वेगळा परवाना लागत नाही.

मग एम.आर्क. कशाला? कॉलेजात शिकवायचं असेल, किंवा लँडस्केप, संवर्धन, नगररचना यांत शिरायचं असेल, तर करा. नुसतं नावापुढं अक्षरं वाढवायला दोन वर्षं घालवू नका.

नागपूरकरांपुढे वाटा दोन. केंद्रीय संस्थांत गेट परीक्षेचे गुण आणि सीसीएमटी या केंद्रीय समुपदेशनाच्या फेऱ्या. २०२६च्या गेटचं शुल्क २,००० रुपये होतं. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना १,०००. गुण तीन वर्षं चालतात. केंद्रीय संस्थेत गेटवर प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं, म्हणून आधी ही वाट बघा. नागपूर विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेजांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्या असतात. फॉर्म भरण्यापूर्वी त्या कॉलेजच्या एम.आर्क.ला कौन्सिलची चालू वर्षाची मान्यता आहे ना, हे यादीत स्वतः तपासा. मागच्या वर्षीचं पत्र दाखवलं तर चालवून घेऊ नका.

खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती संकेतस्थळावर असते. काउंटरवरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. ‘विकास निधी’, ‘स्टुडिओ चार्जेस’ अशी वेगळी पावती पुढे आली तर कशाच्या आधारावर ते लेखी मागा. डोनेशन घेणं १९८७च्या कायद्यानं बंद आहे. सीट ‘मॅनेजमेंट’मधून घेतलीत तर राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती जाते, ती सामायिक फेरीतून आलेल्यांनाच, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर.

दाखल्यांना आत्ताच लागा: रहिवास, उत्पन्न, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर. त्यातली जात वैधता सगळ्यांत जास्त वेळ खाते. सेतू केंद्राबाहेर कोणी प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक माथी मारू लागला तर नको म्हणा. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे.

फीच्या तक्त्यात न दिसणारा खर्च म्हणजे ए-वन शीटचं प्लॉटिंग, मॉडेलसाठी माउंट बोर्ड, अभ्यासदौरा, थिसिसचं बाइंडिंग. ज्युरीच्या आदल्या रात्री एका दुरुस्तीपायी अख्खा सेट पुन्हा काढावा लागतो, तेव्हा खिसा खरा रिकामा होतो. सीनियरना विचारा, एका सत्राला किती गेले. सॉफ्टवेअरवर मात्र खर्च करू नका. ऑटोकॅडची विद्यार्थी आवृत्ती फुकट मिळते.

दुसरीकडे नंबर लागला तर ठरलेल्या तारखेआधी प्रवेश रद्द करा, म्हणजे फी थोड्याशा कपातीनं परत मिळते. तारीख उलटली की अनामत रक्कम सोडून काही हाती लागत नाही. मूळ कागदपत्रं कॉलेजात अडकवून ठेवू देऊ नका.