ट्रॉलीवरून डोंगा उतरविताना : कणा, बोटे आणि बालके

वैनगंगा आणि तिला मिळणारी बाघ नदी यांच्या खोऱ्यातील आपला किरनापुर परिसर धानाचा, तलावांचा आणि बोड्यांचा आहे. येथील ढीवर बांधवांची उपजीविका मासेमारीवर आणि शिंगाड्याच्या पिकावर चालत आली आहे. उन्हाळ्यात तलाव आटले की डोंगा घरी आणावयाचा, फटी बुजवावयाच्या, डांबर लावावयाचे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तो पुन्हा पाण्यावर न्यावयाचा, असा हा क्रम आहे. पूर्वी हे काम बैलगाडीवर होई. आता बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होते.

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडेल. कारण सोपे आहे. डोंगा घरी येतो तेव्हा शाळांना सुट्टी असते. अंगणात ट्रॉली आली की आळीतील सारी मुले तिच्याभोवती गोळा होतात. ट्रॉलीचा तळ प्रौढाच्या साधारण कमरेइतक्या उंचीवर असतो. म्हणजेच तो चार-पाच वर्षांच्या बालकाच्या चेहऱ्यासमोर असतो. जे ओझे प्रौढाच्या हातून निसटून त्याच्या पायावर पडेल, ते बालकाच्या छातीवर पडते. चेंगरलेली बोटे घेऊन आलेली मुले मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. त्यांच्या आईवडिलांचे सांगणे बहुतेक वेळा एकच असते : "आम्ही सगळे उचलण्यात गुंतलो होतो." माझ्या मते सारा धडा या एका वाक्यात आहे.

ओझ्याचे गणित

समजा, डोंग्याचे वजन १२० किलो आहे. चौघांनी उचलला तर प्रत्येकाच्या वाट्यास ३० किलो येतात. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार, सर्व परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे ओझे शरीरालगत, पकड चांगली आणि कंबर न पिळता उचलावयाचे असताना, सुरक्षित मानलेले वजन २३ किलो आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा सांगितली होती. पण ती कमाल मर्यादा आहे, निर्धोकपणाची हमी नव्हे. शिवाय चौघांचा वाटा समान कधीच नसतो. एकाचा पाय खड्ड्यात गेला की त्याचा भार क्षणात उरलेल्या तिघांवर येतो.

वाकून उचलताना कण्यावर काय घडते तेही पाहावे. पाठीचे स्नायू कण्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. ओझे ४० सेंटिमीटर पुढे असेल तर तरफेच्या नियमाने त्या स्नायूंना आठपट ताण द्यावा लागतो. २० किलोसाठी १६० किलो, आणि त्यात वाकलेल्या धडाचा भार वेगळा. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधील चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. उभे असण्यापेक्षा पुढे वाकून ओझे धरताना तो कितीतरी वाढतो, हे त्यातून सिद्ध झाले.

म्हणून पहिला नियम : डोंगा उचलू नये, उतरवावा. त्याचा काही भाग सदैव कशावर तरी टेकलेला असावा. एकच टोक उचलले तर भार निम्मा होतो. पहारीचा लांब भाग आखूड भागाच्या पाचपट ठेवला तर त्या निम्म्याचाही पाचवा हिस्सा, म्हणजे १२ किलोइतका जोर पुरतो.

उतरविण्याची रीत

१. प्रथम डोंग्यातील पाणी, चिखल, जाळी आणि वल्ही काढावीत. ३ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद सपाट तळात केवळ ५ सेंटिमीटर पाणी साचले तरी ते ९० लिटर, म्हणजे ९० किलो होते.

२. ट्रॉली सपाट जागी उभी करावी. ट्रॅक्टर बंद करून ब्रेक लावावा, किल्ली काढून घ्यावी आणि चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडू नये, बैलगाडीचे जू मोकळे ठेवू नये. भार चाकांच्या मागे सरकताच गाडी उलाळ होते आणि पुढचा दांडा जोराने वर उसळतो.

३. ट्रॉलीच्या मागील कडेपासून जमिनीपर्यंत दोन मजबूत बल्ल्या लावून वरच्या टोकाशी बांधाव्यात. त्यांची लांबी ट्रॉलीच्या उंचीच्या तिप्पट असावी. अशा उतारावर खाली ओढणारा भार एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच राहतो आणि त्यातूनही घर्षण वजा होते. जमिनीवर जुना टायर किंवा तणसाचा थर ठेवावा.

४. डोंग्याच्या पुढील टोकास दोर बांधून तो ट्रॉलीपुढील झाडाच्या बुंध्याला दीड-दोन वेढे देऊन धरावा. दोर हाताला गुंडाळू नये.

५. डोंगा हळूहळू मागे सरकवावा. सरकविणाऱ्यांनी बाजूस उभे राहावे. बल्ल्यांच्या मध्ये वा समोर कोणीही नसावे. आज्ञा एकानेच द्यावी. मात्र "थांबा" हा शब्द कोणीही उच्चारला तरी सर्वांनी थांबावे.

६. पुढे नेण्यासाठी खाली गोल ओंडके घालावेत. पालथा घालताना सर्वांनी एकाच बाजूस राहून त्यास टायरवर कलवावे आणि शेवटी ठोकळ्यांवर टेकवावे. म्हणजे कडेखाली बोटे सापडत नाहीत. डोंगा भिंतीला उभा टेकवून कधीही ठेवू नये. मुले त्यावर चढतात आणि तो त्यांच्यासह कोसळतो.

एक माणूस मोकळा हवा

दुसरा नियम मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. काम सुरू होण्यापूर्वी डोंग्याच्या लांबीइतके अंतर सोडून सभोवार चुन्याची रेघ ओढावी आणि मुलांना तिच्याबाहेर ठेवण्याचे काम एका जाणत्या माणसाकडे सोपवावे. त्याने दोरास वा बल्लीस हात लावू नये. आजी असेल तर उत्तमच. हात कमी पडले तर शेजाऱ्याची वाट पाहावी. पण या माणसास ओझ्याकडे बोलावू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलास "जरा हात लाव" म्हणणेही टाळावे. त्याच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या अद्याप कोवळ्या असतात.

इजा झाल्यास

जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून धरावी आणि हात उंच ठेवावा. हळद, चुना, तंबाखू लावू नये. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या प्लास्टिक पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. धनुर्वाताच्या लसीची नोंद सोबत न्यावी.

माझ्या व्यवसायबंधूंसाठी तीन गोष्टी नमूद करतो. नखाचे मूळ खाचेतून वर आले असून बोटाचे टोक वाकलेले असेल तर ती केवळ नखाची जखम समजू नये. सीमूर यांनी १९६६ मध्ये वर्णिलेला वाढचकतीचा उघडा अस्थिभंग तेथे असू शकतो. क्ष-किरण चित्र घ्यावेच. मनगट वा घोटा चिरडला गेला असून क्ष-किरण चित्र निर्दोष दिसले तरी निश्चिंत होऊ नये. सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ मध्ये केलेल्या वर्गीकरणातील पाचवा प्रकार आरंभी दिसत नाही. वाढ खुंटल्यावर कळतो. अशा मुलास वर्षभर पुन्हापुन्हा तपासावे. तिसरी गोष्ट छाती-पोटाची. बालकाच्या बरगड्या लवचीक असतात. त्या न मोडताही आतील फुप्फुस, यकृत वा प्लीहा यांस इजा होऊ शकते. ओझे अंगावर पडलेले मूल हसत-खेळत असले तरी पोटदुखी, वांती, फिकेपणा, धाप किंवा लघवीतून रक्त यांकडे लक्ष ठेवावे आणि त्यास त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. मूल सुस्त वा पांढरेफटक पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मासेमार कुटुंबात वडिलांचा कणा म्हणजे घराची मिळकत आणि मुलाचा हात म्हणजे पुढील पिढीची. दोन बल्ल्या, एक दोर, एक जुना टायर आणि रेघेजवळ उभा असलेला एक मोकळा माणूस, इतक्या साधनांनी दोन्ही सुरक्षित राहतात. धानाचे कट्टे, सिमेंटची पोती, पेटारे यांनाही हाच न्याय लागू आहे. आपल्या दवाखान्यात कंबरदुखीसाठी येणाऱ्या प्रत्येक ढीवर बांधवास औषधाच्या चिठ्ठीसोबत या दोन गोष्टी सांगाव्यात, एवढीच सर्व वैद्यकबंधू-भगिनींना नम्र विनंती.