चांदीच्या पाण्याबद्दल

इंदूर

चि. सोनूस,

दादाने फोनवर सगळं सांगितलं. दुकानातल्या नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड पाणी आणि बागलीच्या सोनाराकडून ओढून घेतलेल्या चांदीच्या दोन तारा. त्यातून निघालेलं कोलॉयडल सिल्व्हर तुझ्या आईला रोज अर्धा पेला पाजायचं आणि उरलेल्याने तिच्या पायाची जखम धुवायची, असा तुझा बेत आहे म्हणे. प्रयोग कर, जरूर कर. पण ते पाणी आईच्या पोटात जाता कामा नये, आणि जखमेवरही नको. का ते सविस्तर लिहिते, कारण फोनवर तू नुसतं "हो आत्या, हो आत्या" करतोस.

पेल्यात काय चाललंय ते आधी बघ. धन टोकाच्या तारेतून चांदीचे आयन सुटून पाण्यात उतरतात. सुरुवातीला पाणी इतकं शुद्ध असतं की त्यातून वीज जवळजवळ जातच नाही. थोडी चांदी उतरली की प्रवाह वाढतो, आणि प्रवाह वाढला की चांदी आणखी भराभर उतरते. दुसऱ्या तारेवर काळपट, मऊ बुरा धरतो. अंधारात लेसर टॉर्च मारलीस तर किरणाची वाट पाण्यात स्पष्ट दिसेल. ती उजळते बारीक कणांमुळे. पाणी फिकट पिवळं झालं तर कण निळा-जांभळा प्रकाश शोषताहेत असं समज. फॅराडेने १८५७ साली सोन्याचं माणकासारखं लाल पाणी करून हाच खेळ मांडला होता. पण घरी केलेलं पाणी बहुधा बिनरंगीच राहतं, म्हणजे त्यातली बरीचशी चांदी कणरूपात नसून विरघळलेली असते. खात्री करायची तर त्यात चिमूटभर मीठ टाक. पाणी दुधाळ होईल. ते सिल्व्हर क्लोराइड. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतंच, तेव्हा तू तासभर खपून केलेल्या पाण्याचं पोटात गेल्याबरोबर काय होणार, ते मी बीएस्सी झालेल्या पोराला सांगायला नको.

आता हिशेब. एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर चालला तर फॅराडेच्याच नियमाने सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. पेल्यात पाव लिटर पाणी आणि ही सगळी चांदी त्यातच आहे असं धर. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तोंडावाटे रोज जाणाऱ्या चांदीची मर्यादा दर किलो वजनामागे ५ मायक्रोग्रॅम धरली आहे. आई पन्नास किलोची असेल, म्हणजे पाव मिलिग्रॅम. तुझ्या अर्ध्या पेल्यातच त्याच्या आठपट झाली. आणि हे सगळं प्रवाह एक मिलिअँपिअरवर थांबला तर! तुझ्या जोडणीत तो किती चढतो, मोजलास का? शिवाय त्या तारांचा टंच किती? दागिन्यांच्या चांदीत तांबं असतंच, आणि झाळकामात कॅडमियमसुद्धा असू शकतं. चांदीबरोबर तेही पाण्यात उतरणार. इन्व्हर्टरचं पाणी तर कुणी पिण्यासाठी भरतच नाही.

तू विचारशील, एवढीशी जास्त गेली तर काय होतं? शाळेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत का ठेवतात, ते आठव. उजेड लागला की त्यातून काळी चांदी सुटते. माझी बोटं कितीदा काळी झाली; कातडी झडली की डाग जायचा. फोटोची काच याच गुणावर चालायची. लाला दीनदयाळांनी १८७०च्या दशकात इथे इंदुरात नोकरीत असताना कॅमेरा हाती घेतला, तो सगळा चांदीच्या क्षारांचा खेळ. चांदी पोटातून रक्तात आणि रक्तातून त्वचेच्या आतल्या थरात गेली की तिथेही उजेड तेच करतो. म्हणून चेहरा, हात, नखांची मुळं, जे जे उन्हाला उघडं असतं ते जास्त काळवंडतं. निळसर राखाडी रंग येतो. याला अर्जिरिया म्हणतात. हा डाग आत असतो, म्हणून कातडी झडून जात नाही. लेसरने काहींचा रंग फिका झाला आहे, बस्स.

ही ऐकीव भीती नाही. अमेरिकेत माँटाना राज्यात स्टॅन जोन्स नावाचे राजकारणी होते. २००० साल उजाडताना संगणक बंद पडतील आणि प्रतिजैविकं मिळेनाशी होतील या धास्तीने ते चांदीचं पाणी घरीच करून पिऊ लागले, तुझ्यासारखंच. २००२ मध्ये ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांचा निळसर चेहरा साऱ्या देशाने पाहिला. तिथल्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच नियम काढला होता की कोलॉयडल सिल्व्हर घातलेली, चिठ्ठीशिवाय विकली जाणारी औषधं सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाहीत.

तू म्हणशील, "आजीनेच मला चांदीच्या वाटीतून गुटी दिली, बोंडल्याने दूध पाजलं, मग?" बरोबर आहे. धातूची चांदी दुधात विरघळतच नाही म्हणण्याइतकी कमी विरघळते. बर्फीवरच्या वर्खाचंही तेच. तू मात्र वीज लावून तिला मुद्दाम विरघळवतो आहेस.

चांदी जंतू मारते हे मी नाकारत नाही. १८८१ मध्ये जर्मनीच्या क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत जाहीर केली, आणि असंख्य पोरांची दृष्टी वाचली. भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम आजही लावतात. २००९ मध्ये आलेल्या टाटा स्वच्छ फिल्टरमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे सूक्ष्म कण बसवलेले होते. या सगळ्यांत चांदी मोजून घेतलेली आहे, आणि पोटात घालायची म्हणून कुणी ती घेतलेली नाही.

आईचं वेगळं सांगते. ती थायरॉइडची गोळी घेते. पोटात गेलेली चांदी त्या गोळीचं शोषण कमी करू शकते, काही प्रतिजैविकांचंही. आणि तिला आहे तशा साखरेच्या आजारात पायाची संवेदना जाऊ शकते. दुखत नाही म्हणून जखम लहान वाटते, पण आत हाडापर्यंत पोचलेली असू शकते. घरी केलेलं पाणी निर्जंतुक नसतं, त्यामुळे जखमेत नवे जंतू जातील आणि वर चार-आठ दिवस "बरं होतंय" म्हणत वाया जातील. चांदीची ड्रेसिंग डॉक्टरांकडेही असतात. लावायची की नाही ते जखम उघडून, रक्तपुरवठा तपासून त्यांना ठरवू दे.

तोवर जखम स्वच्छ, कोरड्या गॉझने झाकून ठेव. हळद नको, राख नको, त्या पायावर भार नको. बोट काळं पडलं, वास येऊ लागला किंवा ताप चढला तर माझी वाट बघू नकोस, त्याच रात्री गाडी कर. तसं काही नसेल तर सोमवारी पहाटे चापड्याहून निघा, मी एम.वाय. हॉस्पिटलच्या दारात उभी असेन. साखरेचे जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन ये, नुसती नावं सांगू नकोस. अंगठ्याच्या स्लिपर काढून तिला मऊ बंद चपला घाल.

तारा आणि बॅटऱ्याही पिशवीत टाक. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, संध्याकाळी गच्चीवर जोडून बघू किती मिलिअँपिअर चढतात ते.

तुझी,
आत्या